मेनफ्रेम लॅपटॉपवर, परवाना कुलपात

२००० नंतरच्या काही वर्षांत मेनफ्रेमसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या छोट्या कंपन्यांकडे एक थिंकपॅड लॅपटॉप असायचा. दिसायला चारचौघांसारखाच. मात्र त्याच्यात लिनक्सवर ‘फ्लेक्स-ईएस’ नावाचा इम्युलेटर चाले आणि त्या इम्युलेटरवर आयबीएमची तीच ऑपरेटिंग सिस्टिम, जिच्या भरवशावर मोठमोठ्या बँकांचे व्यवहार चालतात. हा इम्युलेटर कॅलिफोर्नियातल्या फंडामेंटल सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीची निर्मिती. यात लपूनछपून काहीच नव्हतं. खुद्द आयबीएम आपल्या भागीदार विकसकांना ही सोय परवान्यासह करून देत होती, आणि तो लॅपटॉप कसा उभा करायचा याची पुस्तकंही छापत होती.

मग परवान्याचं गाडं अडलं.

अडलं ते कोणासाठी, हे कळायला मेनफ्रेमची दुनिया थोडी समजून घ्यावी लागते. ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने ‘सिस्टिम/३६०’ हे मेनफ्रेमचं, म्हणजे मोठ्या संस्थांच्या भल्याथोरल्या संगणकांचं, घराणं जाहीर केलं. तेव्हाच्या कितीतरी प्रोग्रामना आजच्या मेनफ्रेमवरही चालता येतं, इतकं या घराण्याने जुन्याशी नातं जपलं आहे. बँकेची खाती, एटीएम, विमा, विमानांचं आरक्षण असा मोठा पसारा अजून त्यावर उभा आहे. या पसाऱ्याला लागणारी साधनं सगळी आयबीएम बनवत नाही. बॅकअप घेणारी, कामांचं वेळापत्रक सांभाळणारी, चुका शोधणारी कितीतरी सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपन्या लिहितात, आणि त्यांतल्या काहींत जेमतेम पाच-दहा माणसं असतात. आपलं साधन विकण्याआधी त्यांना ते मेनफ्रेमवर तपासावंच लागतं. खरा मेनफ्रेम घ्यायचा तर लाखो डॉलर लागतात. शिवाय वातानुकूलित जागा हवी आणि सॉफ्टवेअरचं दरमहा शुल्क वेगळं.

इम्युलेटर इथे कामी येतो. मेनफ्रेमच्या प्रोसेसरची भाषा इंटेलच्या प्रोसेसरला कळत नाही. इम्युलेटर दुभाष्यासारखा मध्ये बसतो, मेनफ्रेमची एकेक आज्ञा वाचतो आणि तिचं काम इंटेलकडून करून घेतो. यात वेग जातो. पण दोन-तीन माणसांच्या चाचणीला उरलेला वेग पुरेसा असतो.

तांत्रिक प्रश्न असा सुटला तरी कायद्याचा उरतो. आयबीएमची ‘झेड/ओएस’ ही ऑपरेटिंग सिस्टिम कोणाला विकत मिळत नाही. ती वापरायचा परवाना मिळतो आणि तो ठरावीक यंत्रापुरता असतो. त्यामुळे नक्कल कितीही हुबेहूब असली तरी आयबीएमच्या संमतीवाचून तिच्यावर झेड/ओएस चालवणं म्हणजे परवानाभंग. त्यावर पेटंटं आहेतच. २००४च्या झेड/ओएस १.६ पासून ६४ बिटांची नवी रचना सक्तीची झाली. जुन्या ३१ बिटांच्या परवानगीवर पुढे जाणं शक्य नव्हतं. नवी परवानगी आयबीएमच्याच हातात होती, आणि फ्लेक्स-ईएसचं गाडं तिथेच अडलं.

त्याच सुमारास दुसरीकडे ठिणगी पडली. अमडाल ही मेनफ्रेमच्या धंद्यात आयबीएमला टक्कर देणारी कंपनी. तिच्या जुन्या मंडळींनी प्लॅटफॉर्म सोल्युशन्स नावाची कंपनी काढली आणि इंटेलच्या इटॅनियम प्रोसेसरवर मेनफ्रेमची जागा घेणारी यंत्रं आणली. नोव्हेंबर २००६ मध्ये आयबीएमने न्यूयॉर्कच्या न्यायालयात तिच्यावर पेटंटभंगाचा दावा लावला. तिने उलट मक्तेदारीचा आरोप केला. फ्लेक्स-ईएसवर चालणारी यंत्रं विकणारी फ्लोरिडातली टी-३ टेक्नॉलॉजीजही या लढाईत उतरली. जुलै २००८ मध्ये आयबीएमने प्लॅटफॉर्म सोल्युशन्सच विकत घेतली. तिच्या यंत्रांचा विषय तिथेच संपला. टी-३ एकटी लढत राहिली, पण सप्टेंबर २००९ मध्ये न्यायालयाने तिचा दावा फेटाळला.

आयबीएमची बाजू पोकळ नव्हती. या यंत्रावर तिने अनेक दशकं अफाट पैसा ओतला आहे, आणि नक्कल करणारे त्याच गुंतवणुकीवर धंदा करणार, हे तिचं म्हणणं होतं. बँकेचं रोजचं काम इम्युलेटरवर हलवू देण्याला तिचा विरोध समजता येतो. विकसकाचा प्रश्न मात्र वेगळा आहे. त्याने लिहिलेलं प्रत्येक साधन मेनफ्रेम घेणाऱ्याच्या उपयोगी पडतं, म्हणजे शेवटी आयबीएमच्याच. त्याचं स्वस्त यंत्र काढून घेण्यात कोणाचंच हित नव्हतं.

हे आयबीएमलाही कळलं असावं. २००९च्या सुमारास तिने स्वतःचा इम्युलेटर आणला. त्याचं नाव ‘झेड-पीडीटी’. साधा लिनक्स पीसी घ्यायचा, यूएसबीची किल्ली खोचायची, की मेनफ्रेम चालू. ही किल्ली फक्त विकासासाठी आणि चाचणीसाठी, आणि तीही पात्र ठरलेल्यांनाच. विकसकांना यातून खरा दिलासा मिळाला. मात्र पूर्वी त्यांना दुसऱ्या कंपनीचं यंत्र घेण्याची मुभा होती, ती आता राहिली नाही.

फुकटचा इम्युलेटर नव्हता असंही नाही. ब्रिटिश प्रोग्रामर रॉजर बाऊलर यांनी १९९९ मध्ये ‘हर्क्युलिस’ मुक्त सॉफ्टवेअर म्हणून खुलं केलं. पुढे पॅरिसमध्ये ‘टर्बो हर्क्युलिस’ कंपनी काढून त्यांनी २००९ मध्ये आयबीएमकडे झेड/ओएसच्या परवान्याची विचारणा केली. नकार आला, आणि मार्च २०१० मध्ये पेटंटांची भली मोठी यादीही. मुक्त सॉफ्टवेअरविरुद्ध वापरणार नाही असं सांगून आयबीएमने २००५ मध्ये ५०० पेटंटं खुली केली होती. त्यांतली दोन या यादीत निघाली. हे जाणूनबुजून झालं असो वा अनवधानाने, मुक्त सॉफ्टवेअरच्या जगाचा विश्वास त्याने दुखावला. या कंपन्यांच्या मक्तेदारीविषयीच्या तक्रारींवरून युरोपीय आयोगाने जुलै २०१० मध्ये औपचारिक चौकशी सुरू केली. या तक्रारींमागे मायक्रोसॉफ्टसारखे प्रतिस्पर्धी आहेत, असं आयबीएमने सांगितलं. टी-३मध्ये मायक्रोसॉफ्टचे पैसे होते हे खरंच होतं. २०११ मध्ये तक्रारदारांनी माघार घेतली आणि ते प्रकरण मिटलं. परवान्याच्या मूळ प्रश्नावर निकाल लागलाच नाही.

याची झळ आपल्याकडेही पोचते. वाय-टू-के नंतर पुण्या-मुंबईतल्या असंख्य अभियंत्यांनी कोबोल आणि जेसीएल या मेनफ्रेमच्या भाषांवर नोकऱ्या केल्या, आजही करतात. कंपनीच्या लॉगिनपलीकडे त्यांतल्या बहुतेकांना हात साफ करायला स्वतःचा मेनफ्रेम कधी मिळाला नाही. विद्यार्थ्यांसाठी आयबीएमचा ‘झेड एक्सप्लोर’ हा मोफत ऑनलाइन उपक्रम आहे आणि तो चांगला आहे. पण तिथे यंत्र दुसऱ्याचं, नियमही दुसऱ्याचे. घरच्या संगणकावर हर्क्युलिस चालवायचं तर कायदेशीररीत्या हाती लागतं ते झेड/ओएसचं १९८०च्या आसपासचं पूर्वरूप, एमव्हीएस ३.८.

दुसरा मार्ग आहे, आणि तो चालून दाखवलेला आहे. ओपनव्हीएमएस या दुसऱ्या जुन्याजाणत्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मालकांनी १९९७ पासून वीसहून अधिक वर्षं शौकिनांना मोफत परवाना दिला, इम्युलेटरवर चालवण्यासाठीसुद्धा. मुख्य अट ही, की त्यातून धंदा करायचा नाही. आयबीएमने झेड/ओएससाठी तसाच परवाना द्यावा: उत्पादनकामाला सक्त मनाई, शुल्क एकट्या माणसाला झेपेल एवढं, आणि इम्युलेटर कोणता घ्यायचा हे विकसकाच्या मर्जीवर.