कार्बनची नौका घडते कशी?

दिवाडी बेटावरील अ‍ॅक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधलेली ‘तारिणी’ ही शिडाची नौका नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांसह १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्यातून निघाली आणि पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून २१ मे २०१८ रोजी परतली. दक्षिण महासागराच्या तडाख्यात तिला तारणारे कवच पोलादाचे नव्हते. मध्ये लाकडाचा गाभा व दोन्ही बाजूंना काचतंतूंचे थर, अशी तिची बांधणी आहे. शर्यतीच्या नौकांत हेच तत्त्व पुढे नेले जाते. तेथे काचतंतूंऐवजी कार्बन तंतू येतात आणि लाकडाऐवजी बहुधा फोम किंवा मधाच्या पोळ्यासारखा पोकळ गाभा.

कार्बनचा एक तंतू जेमतेम सात मायक्रॉन जाडीचा असतो. ओढ सहन करण्यात तो अजोड. पण सुटा असताना दोऱ्यासारखाच लवतो. इपॉक्सी राळेत घट्ट बसल्यावर मात्र त्याचा ताठ पत्रा होतो. भार तंतू पेलतात, राळ त्यांना जागेवर धरते. राळ अधिक झाली की नौका विनाकारण जड होते. ती नीट मुरली नाही तर थरांत हवा अडकते आणि तेथेच पुढे थर सुटू लागतात. निर्मितीच्या पद्धतींमधला खरा फरक आहे तो या प्रमाणावरील नियंत्रणाचा.

सर्वांत जुनी व स्वस्त पद्धत हातकामाची. साच्यात कापड अंथरायचे, ब्रशाने राळ लावायची आणि रोलरने हवा काढायची. येथे सारी भिस्त कारागिराच्या हातावर.

दुसऱ्या पद्धतीत कापड कोरडेच अंथरून वर प्लॅस्टिकचे हवाबंद आवरण घालतात. पंपाने आतील हवा ओढली की वातावरणाचा दाब प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे दहा टन भार टाकतो आणि नळ्यांतून आलेली राळ थराथरांत पसरते. आवरणाला एक बारीक छिद्र राहिले तरी संपूर्ण काम वाया जाऊ शकते.

तिसऱ्या पद्धतीत कारखान्यातच मोजून राळ भरलेले कापड वापरतात. ते अकाली घट्ट होऊ नये म्हणून उणे १८ अंशांवर साठवतात आणि साच्यात बसवल्यावर भट्टीत भाजतात. डोलकाठीसारखे भाग दाबभट्टीतही तयार होतात. वजन व बळ यांचा उत्तम मेळ येथेच साधतो. मात्र खर्चही सर्वाधिक.

कार्बनचा एक दोष ध्यानात ठेवावा लागतो. पोलाद आधी वाकते, मग तुटते. कार्बन फारशी पूर्वसूचना न देता तुटतो. आतील पोकळी डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ठोकून येणारा नाद ऐकणे व ध्वनिलहरींनी तपासणी करणे, हा बांधणीचाच भाग ठरतो.

लांबच्या सफरीसाठी मात्र केवळ हलकेपणा पुरेसा नसतो. मार खाऊन टिकणे आणि दुरुस्त होणे तितकेच मोलाचे. गोव्यात घडलेली ‘तारिणी’ २ ऑक्टोबर २०२४ रोजी पुन्हा निघाली आणि दोन महिला अधिकाऱ्यांना घेऊन २९ मे २०२५ रोजी सुखरूप परतली.