सतराची बेरीज

एक कागद घ्या. ए-फोर चालेल, एका बाजूने छापलेला रद्दीतलाही चालेल. दर वेळी लांब बाजू अर्धी होईल अशा बेताने त्याच्या तीन घड्या घाला. तळहाताएवढी एक जाडशी वही तयार होईल. तिच्या काही कडा बंद असतील, असू द्या. पानं बोटाने जरा फाकवून प्रत्येकावर क्रमाने आकडे घाला, १ पासून १६ पर्यंत. आता सगळा कागद उलगडून टेबलावर पसरा.

काय दिसतं? निव्वळ गोंधळ. एका बाजूला खालच्या ओळीत ४, १३, १६, १. वरच्या ओळीत ५, १२, ९, ८, आणि तेही खाली डोकं वर पाय. (घडी कुठल्या बाजूने घातली त्यावर डावं-उजवं बदलेल.) पण शेवटच्या घडीने पडलेल्या रेघा शोधा आणि त्यांच्या दोन बाजूंचे आकडे मिळवा. ४ आणि १३, सतरा. १६ आणि १, सतरा. ५ आणि १२, ९ आणि ८, सतराच! कागद पालथा करा, तिथेही तेच. शिवाय १ च्या बरोबर पाठीला २ आहे, १३ च्या पाठीला १४. कुणीही ठरवून न मांडता, केवळ तीन घड्यांनी, हा हिशेब आपोआप जुळला आहे.

तुमच्या कपाटातलं जवळजवळ प्रत्येक पुस्तक असंच जन्माला आलं. आपण पान १ नंतर २, मग ३ असं शहाण्यासारखं वाचत जातो. यंत्राने मात्र ती या क्रमाने कधी पाहिलेलीच नसतात. छापखान्यात या सोळा पानांच्या गठ्ठ्याला फर्मा म्हणतात. १८ बाय २३ इंचांचा कागद तीनदा दुमडला की पावणेसहा बाय नऊ इंचांचं पान होतं, आणि कडा कापल्यावर उरतं साडेपाच बाय साडेआठ, म्हणजे आपला ओळखीचा डेमी आकार. पदरमोड करून कवितासंग्रह किंवा आठवणींचं पुस्तक काढू बघणाऱ्याने सगळ्यात आधी गाठ घालून घ्यावी ती या फर्म्याशी. कारण छापखाना पानं मोजत नाही, फर्मे मोजतो.

समजा, तुमचा मजकूर १४५ पानांचा झाला. नऊ फर्मे म्हणजे १४४ पानं. वर राहिलं एक. त्या एका पानासाठी छापखाना अर्धा किंवा पाव फर्मा करून देईल, पण प्लेट, मशीनवरची जुळणी, घडी, बांधणी हा सगळा खटाटोप पुन्हा आलाच. आता गंमत बघा. पानावर तीस ओळी असतील, तर हा जास्तीचा खर्च वाचवायला सबंध पुस्तकातून फार तर तीस ओळी कमी करायच्या आहेत. म्हणजे दर पाच पानांमागे जेमतेम एक ओळ!

आणि ओळ कमी करायला ओळभर मजकूर कापावा लागतो असं कुठे आहे? ज्या परिच्छेदाची शेवटची ओळ एकाच शब्दाची आहे, तो शोधा. तिथे 'करण्यात आले होते' असेल तर 'केलं होतं' करा. तो लोंबकळणारा शब्द वरच्या ओळीत जाऊन बसतो आणि एक पूर्ण ओळ हातात येते. 'खऱ्या अर्थाने', 'एक प्रकारे', 'या ठिकाणी', 'च्या माध्यमातून' ही मंडळी तर जणू याच कामासाठी जागोजाग बसून असतात. एरवी संपादक मिनतवाऱ्या करून जे सांगतो आणि लेखक रुसून बसतो, ते इथे कागदाची घडी सांगते, आणि तिच्याशी वाद घालता येत नाही. भाषा घोटून घेणं आणि पैसे वाचवणं एकाच पेन्सिलीने होतं! माझं तर मत असं की लेखनाच्या शिबिरांत पहिल्या दिवशी फर्म्याची घडी घालायला शिकवावी.

चुकांचं काय? आपलंच लिखाण आपण दहादा वाचतो आणि मुखपृष्ठावरची चूक पुस्तक छापून आल्यावर दिसते. असं का होतं? कारण वाचताना डोळा ओळीवरून सरकत नाही, उड्या मारतो, सेकंदाला साधारण तीन-चार. उडी चालू असताना आपल्याला जवळजवळ काहीच दिसत नाही. मधल्या जागा मेंदू स्वतःच्या अंदाजाने भरतो, आणि मजकूर आपलाच असला की त्याचा अंदाज फार पक्का असतो. जे लिहायचं होतं तेच तो वाचतो. म्हणजे आपल्याच लेखनाचे सर्वांत वाईट मुद्रितशोधक आपण!

यावर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्याच्या काळापासून चालत आलेला उपाय फुकटातला आहे. दोघांनी बसायचं. एकाने हस्तलिखितातून मोठ्याने वाचायचं, विरामचिन्हांसकट: 'पूर्णविराम', 'अवतरण सुरू', 'दुसरी वेलांटी'. दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवून तपासायचं. आवाजाचा वेग डोळ्याच्या उड्यांना लगाम घालतो. कान एका प्रतीवर, डोळा दुसरीवर, आणि अंदाज बांधायला मेंदूला फुरसतच मिळत नाही. नियमांचा बाऊ करायचंही कारण नाही. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली १४ होते, १९७२ मध्ये आणखी ४ आले. झाले १८, बस्स. त्यातले दोनच बघा. मराठी शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ. आणि शेवटचं अक्षर दीर्घ असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार ऱ्हस्व. विळी, पिसू, सुरू, मारुती. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द वेगळे वागतात हे खरं, पण रोजच्या किती शंका या दोन नियमांनीच मिटतात ते करून बघण्यासारखं आहे.

आता छपाई. ऑफसेटच्या छपाईत खर्चाची विभागणी मोठी विचित्र असते. प्लेटा, जुळणी, मुखपृष्ठ हे सगळं पहिल्या प्रतीच्या आधीच होऊन गेलेलं असतं. पहिली प्रत हजारोंना पडते. हजाराव्या प्रतीला लागतो तो कागद, शाई आणि बांधणी. म्हणून तर मराठीत हजाराची आवृत्ती काढायची रीत पडली. पण प्लेटांच्या खर्चातही छापखान्यातल्या कुणा हुशार माणसाने एक वाट काढून ठेवली आहे, आणि ती समजली तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो. दुप्पट मोठा कागद घ्यायचा, २३ बाय ३६ इंचांचा. फर्म्याची सोळाही पानं एकाच प्लेटवर मांडायची, डाव्या अर्ध्यात आठ, उजव्या अर्ध्यात आठ. एक बाजू छापून झाली की कागदांचा गठ्ठा उलटायचा आणि पाठीवर पुन्हा तीच प्लेट छापायची. डाव्या अर्ध्याच्या मागे उजवा अर्धा येतो, उजव्याच्या मागे डावा. मधोमध कापा. हातात दोन फर्मे, दोन्ही पूर्ण, दोन्ही एकसारखे! दोन प्लेटांचं काम एकीत.

कागद जोखायलाही वजनकाटा लागत नाही. '७० जीएसएम' म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन ७० ग्रॅम. १६० पानांच्या डेमी पुस्तकात ८० पत्रं असतात, सगळी शेजारी-शेजारी अंथरली तर साधारण २.४ चौरस मीटर. म्हणजे १७० ग्रॅमच्या आसपास, वर मुखपृष्ठाचे पंधरा. पुस्तक अजून छापलेलं नाही, आणि टपालाला किती पडतील याचा अंदाज बांधून तयार!

पण प्रती पन्नासच हव्या असतील तर? नातेवाईक, चार मित्र, गावातलं वाचनालय. तिथे प्लेट हा प्रकारच परवडत नाही, आणि तिथे मदतीला धावते ती स्थिर वीज. २२ ऑक्टोबर १९३८. न्यूयॉर्कमधल्या अ‍ॅस्टोरिया भागातल्या एका छोट्याशा खोलीत चेस्टर कार्लसन आणि त्याचा साहाय्यक ओटो कोर्नाई यांनी गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासला. एका काचपट्टीवर शाईने तारीख आणि 'अ‍ॅस्टोरिया' लिहिलं, ती पत्र्यावर ठेवून वर झगझगीत दिवा धरला. जिथे उजेड पडला तिथला विद्युत्भार निघून गेला, अक्षरांच्या सावलीत तो टिकून राहिला. वर एका वनस्पतीची बारीक भुकटी टाकून फुंकर मारली. भुकटी उडाली, फक्त अक्षरांना चिकटून राहिली! मेणकागद दाबून ती उचलली, आणि झाली जगातली पहिली झेरॉक्स प्रत. कंपन्यांनी कार्लसनला वर्षानुवर्षं परत पाठवलं. ज्या यंत्राने कचेऱ्या पालटल्या ते 'झेरॉक्स ९१४' आलं थेट १९५९ मध्ये. आज मागणीनुसार पुस्तक छापणारं डिजिटल यंत्र बहुतेकदा याच तत्त्वावर चालतं, दिव्याच्या जागी लेसर आला इतकंच. प्रत्येक पानासाठी चित्र नव्याने उमटतं, म्हणून प्लेट नाही, आणि म्हणूनच एक प्रत छापली काय नि पन्नास छापल्या काय, दर प्रतीचा खर्च फारसा हलत नाही. तीनशे-चारशेच्या पुढे गेलात की मात्र ऑफसेटवाल्याकडूनही दर घ्या. पारडं कुठेतरी तिथे फिरू लागतं.

या यंत्रांच्याही आधी मराठीत बिनपैशाच्या प्रकाशनाचा एक झकास अध्याय होऊन गेला आहे. १९५४ साली मुंबईत दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश सामर्थ यांनी 'शब्द' नावाचं कवितांचं अनियतकालिक सुरू केलं. चित्रे तेव्हा सोळाच्या आसपासचे! छापखाना कुठून आणणार? अंक सायक्लोस्टाइल केला. पुढे साठच्या दशकात अशोक शहाण्यांचं 'असो' आलं, आणखी कितीतरी आली, आणि मराठी साहित्याला घाम फुटला.

सायक्लोस्टाइल म्हणजे काय, हे आता पंचविशीतल्या वाचकाला सांगावं लागेल. मेण चढवलेला पातळ कागद, त्याला स्टेन्सिल म्हणायचे. त्यावर लोखंडी टोकाच्या लेखणीने लिहायचं, किंवा फीत काढून टाकलेल्या टाइपरायटरने ठोकायचं. जिथे दाब पडतो तिथलं मेण सरकतं. मग स्टेन्सिल रुळावर चढवून हँडल फिरवायचं. आतली शाई त्या वाटांमधून कागदावर उतरते. दारात रांगोळीचे पत्र्याचे छाप वापरतात, तत्त्व तेच. पण थांबा, त्या पत्र्याच्या छापात पूर्ण वर्तुळ कधी कापता येत नाही, मधला तुकडा गळून पडेल. मग स्टेन्सिलवर 'व'चं पोट कसं टिकत होतं? 'ब', 'ठ', 'ळ' यांचं काय? देवनागरी तर पोटंच पोटं!

उत्तर कागदाच्या जातीत आहे. स्टेन्सिलचा मूळ कागद जपानी, तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा, लांबच लांब तंतूंचा. लेखणी सारते ते फक्त मेण. तंतूंचं जाळं तसंच राहतं. शाईला जायला वाट आहे, आणि अक्षराच्या पोटाला टेकायला जाळीही आहे. चूक झाली तर तिच्यावर पातळ द्रव लावायचा, वाळला की वाट बुजते, वरून नवं अक्षर. या घराण्यात एक मजेदार भाऊबंदही आहे. एडिसनने १८७६ मध्ये कागदाला भराभर भोकं पाडणाऱ्या विजेच्या लेखणीचं पेटंट घेतलं, स्टेन्सिल बनवण्यासाठी. १८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायलीने त्याच कल्पनेवरून गोंदणाचं यंत्र केलं. दंडावर नाव गोंदवून घेणारा आणि कवितांचा अंक काढणारा, दोघंही एडिसनचे देणेकरी.

आजच्या अंकवाल्याची अडचण वेगळी. 'कि' टाइप करताना आपण आधी क दाबतो, मग वेलांटी. युनिकोडमध्येही ती त्याच क्रमाने साठते. पडद्यावर मात्र वेलांटी उडी मारून क च्या आधी जाऊन उभी राहते! ही उडी फाँट आणि प्रणाली मिळून घडवतात, आणि छापखान्यातल्या संगणकावर त्यातलं एक जरी जुनं असलं की वेलांट्या भलत्याच अक्षरावर बसतात, जोडाक्षरांचे पाय सुटतात. म्हणून फाइल पाठवायची ती फाँट आत बसवलेली पीडीएफ, कधीही उघडी नाही. फाँट विकत घ्यायची गरजही उरलेली नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींनी केलेले 'मुक्त' आणि 'बालू' हे फाँट कुणालाही मोफत वापरता येतात, छापील पुस्तकातसुद्धा.

राहिला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख-क्रमांक. त्याचेही पैसे मागणारे भेटतात, पण भारतात तो सरकारकडून ऑनलाइन मोफत मिळतो, स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्यालाही. त्या तेरा अंकांत एक पहारेकरी लपलेला आहे. जवळचं कुठलंही पुस्तक घ्या, पहिला अंक तसाच, दुसऱ्याची तिप्पट, तिसरा तसाच, चौथ्याची तिप्पट, असं शेवटपर्यंत मिळवत जा. बेरीज दहाने भागली जाणारच. एक अंक चुकला की लगेच पकडला जातो. शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले तरी बहुतेकदा पकडले जातात, त्यांच्यात पाचाचा फरक असला तरच निसटतात.

आणि पुस्तक हातात आल्यावर एक काम विसरू नका. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार प्रकाशकाने तीस दिवसांच्या आत, स्वखर्चाने, चार ग्रंथालयांना एकेक प्रत द्यायची असते: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईच्या टाऊन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय. पन्नास प्रती काढणारा लेखकही इथे प्रकाशकच. कोलकात्याला जाणारी प्रत तर बांधलेली किंवा शिवलेली आणि ज्या उत्तमातल्या उत्तम कागदावर पुस्तक छापलं असेल त्या कागदावरची हवी, असं कायदा बजावतो. नाही दिली तर दंड आहे: पन्नास रुपयांपर्यंत, अधिक पुस्तकाची किंमत.