विश्लेषण : गोल्फमधील ‘स्लो प्ले’ला जबाबदार कोण? खेळाडू की व्यवस्थापन?

चार जणांच्या गटाने गोल्फची १८ होलची फेरी साधारण चार तासांत संपवावी, अशी अपेक्षा असते. गर्दीच्या दिवशी मात्र ती पाच तासांच्याही पुढे जाते. अशा वेळी पुढच्या गटातील संथ खेळाडूवर खापर फोडले जाते. पण फेरी का लांबते, याचे उत्तर अनेकदा क्लबच्या बुकिंगच्या वेळापत्रकात सापडते.

नियम काय सांगतात?

गोल्फचे नियम ‘आर अँड ए’ आणि ‘यूएसजीए’ या संस्था ठरवतात. २०१९ मध्ये लागू झालेल्या बदलांनुसार हरवलेला चेंडू शोधण्याची मुदत पाचवरून तीन मिनिटांवर आली. पाळी आल्यावर ४० सेकंदांत फटका मारावा, अशी शिफारस आहे. स्ट्रोक प्लेमध्ये विनाकारण विलंब केल्यास पहिल्यांदा एक आणि दुसऱ्यांदा दोन फटक्यांचा दंड होतो. तिसऱ्यांदा खेळाडू बाद ठरतो.

कारवाई खरेच होते का?

होते, पण क्वचित. २०१३ च्या मास्टर्स स्पर्धेत चीनच्या अवघ्या १४ वर्षांच्या ग्वान तियानलांगला एका फटक्याचा दंड झाला होता. महिलांच्या एलपीजीए टूरने मार्च २०२५ पासून नियम कडक केले. ठरलेल्या वेळेपेक्षा १ ते ५ सेकंद जास्त घेतल्यास आर्थिक दंड, ६ ते १५ सेकंदांना एक फटका आणि १६ सेकंदांपासून पुढे दोन फटके.

कोंडी नेमकी कुठे होते?

बहुतेक वेळा पार-३ होलवर. पार-४ होलवर पुढचा गट ग्रीनकडे गेला की मागचा गट टीवरून खेळू शकतो. म्हणजे एकाच होलवर दोन गट मावतात. पार-३ होल लहान असतो. पुढचा गट ग्रीन सोडत नाही तोपर्यंत मागच्यांना थांबावेच लागते. टोलनाक्यावर एकच खिडकी उघडी असावी, तसा हा प्रकार.

यामागचे गणित काय?

समजा, क्लब दर ८ मिनिटांनी एक गट सोडतो आणि पार-३ होल पूर्ण करायला प्रत्येक गटाला १० मिनिटे लागतात. म्हणजे दर गटामागे २ मिनिटांची थकबाकी. दहाव्या गटाला १८ मिनिटे थांबावे लागेल, तर तिसाव्या गटाला ५८ मिनिटे. विशेष म्हणजे यात एकही खेळाडू संथ नाही!

व्यवस्थापनाकडे उपाय कोणते?

मार्शल नेमणे, गाडीतील जीपीएसवरून गटांचा वेग पाहणे, रफमधील गवत कमी ठेवणे, नवख्यांना पुढच्या टीवरून खेळायला सांगणे हे नेहमीचे उपाय. पार-३ वर पुढच्या गटाने ग्रीनवर पोहोचताच बाजूला होऊन मागच्यांना टी शॉट मारू द्यावा, अशी पद्धतही काही ठिकाणी आहे. पण गट सोडण्यातील अंतरच कमी असेल तर मार्शल तरी काय करणार? पुढे रस्ताच मोकळा नसताना घाई करायला सांगितल्याने फक्त वाद वाढतात.

मग अंतर का वाढवत नाहीत?

कारण पैसा. सहा तासांत ८ मिनिटांच्या अंतराने ४५ गट सुटतात, १० मिनिटांच्या अंतराने ३६. चौघांचा गट धरला तर ३६ जणांचे शुल्क बुडते. मात्र वरच्या उदाहरणात पार-३ होलवरून दर १० मिनिटांनी एकच गट पुढे सरकतो. जादा नऊ गटांचे पैसे क्लबला मिळतात. त्याची किंमत मागचे खेळाडू ताटकळून मोजतात. शेवटच्या गटांची फेरी तर अंधारामुळे अर्धवट राहू शकते, शुल्क मात्र पूर्ण भरलेले असते.

मोठ्या टूरने काय केले?

अमेरिकेच्या पीजीए टूरने २०२६ पासून पूर्ण क्षमतेच्या स्पर्धांतील खेळाडूंची कमाल संख्या १५६ वरून १४४ केली. खेळाचा वेग हे त्यामागचे एक कारण होते. घड्याळ लावण्याबरोबर गर्दी कमी करावी लागते, हे तिथे मान्य झाले. टी टाइम बुक करताना दोन गटांत किती मिनिटांचे अंतर आहे, हे विचारले तर फेरी किती लांबेल याचा अंदाज आधीच येतो.