विश्लेषण : स्पोर्ट्स कारसाठी कोणती ब्रेक डिस्क, कोणते पॅड? कसारा घाटात ‘रेसिंग’ ब्रेक कितपत कामाचे?

नाशिकहून मुंबईला निघालेली कार इगतपुरी सोडून कसारा घाट उतरू लागली, की चालकाचा पाय वारंवार ब्रेकवर जातो. इंजिन ताकदीचे असेल तर वळणाच्या तोंडाशी ब्रेक आणखी जोरात दाबला जातो. घाट संपता संपता जळका वास येतो, पेडल नेहमीपेक्षा खोल जाते किंवा स्टीअरिंग थरथरते. गाडी गॅरेजमध्ये नेल्यावर पर्यायांची यादीच समोर येते. साधी डिस्क, छिद्रांची डिस्क, खाचांची डिस्क, ‘सिरॅमिक’ पॅड, ‘रेसिंग’ पॅड. यातून निवड कशी करायची, याचा हा आढावा.

घाटात ब्रेकवर नेमका किती ताण येतो?

ब्रेक गाडीच्या वेगातील ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करतात. चालकासह १,४०० किलो वजनाची कार ताशी १०० किमी वेगावरून थांबवताना सुमारे ५.४ लाख जूल उष्णता तयार होते. दीड लिटर पाण्याला उकळी आणायला ती पुरेशी आहे. वेग ताशी १२० किमी असेल, तर हीच उष्णता ४४ टक्क्यांनी वाढते.

घाटाचे गणित याहून वेगळे. इगतपुरी आणि कसारा यांच्या उंचीत साधारण ३०० मीटरचा फरक आहे. हा उतार निव्वळ ब्रेकच्या जोरावर उतरला, तर ताशी १०० किमी वेगावरून साडेसात वेळा पूर्ण थांबण्याइतकी उष्णता ब्रेकला झेलावी लागते. प्रत्यक्षात काही भार इंजिन आणि वाऱ्याचा रोध उचलतो. तरीही सतत हलका ब्रेक दाबून ठेवला, तर डिस्कला थंड व्हायला उसंत मिळत नाही.

ब्रेक ‘लागत नाही’ म्हणजे काय होते?

याची मुख्य कारणे दोन. पहिले, पॅड त्याच्या मर्यादेपलीकडे तापतो आणि त्याची पकड घटते. अशा वेळी पेडल कडक लागते, पण गाडी थांबत नाही. दुसरे, ब्रेक ऑइल उकळते आणि त्यात वाफेचे बुडबुडे होतात. मग पेडल स्पंजासारखे मऊ होऊन खाली जाते.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. ‘डॉट ४’ दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हे मानक १५५ अंशांवर येते. ‘डॉट ५.१’साठी हेच आकडे २६० आणि १८० अंश आहेत. त्यामुळे पेडल मऊ पडण्याची तक्रार असेल, तर महागडी डिस्क घेण्याआधी ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले ते पाहावे. साधारण दोन वर्षांनी ते बदलणे योग्य. नाव सारखे असले तरी ‘डॉट ५’ हे सिलिकॉनचे असते. ते ‘डॉट ४’ किंवा ‘डॉट ५.१’मध्ये मिसळू नये.

छिद्रांची डिस्क खरेच चांगली का?

दिसायला नक्कीच. पॅड तापल्यावर त्यातून निघणारा वायू बाहेर पडावा, हा छिद्रांचा एक मूळ उद्देश होता. आधुनिक पॅडमधून असा वायू बराच कमी निघतो. छिद्रांमुळे डिस्कचे वजन घटते, पण उष्णता साठवणारा धातूही कमी होतो. स्वस्त डिस्कवर नंतर ड्रिल करून छिद्रे पाडली असतील, तर त्यांच्या कडांपासून तडे जाण्याचा धोका असतो.

खाचांच्या डिस्कमुळे पॅडचा पृष्ठभाग साफ राहतो आणि पावसात पाण्याचा थर लवकर निघतो. मात्र पॅड जास्त झिजतात, आवाजही होतो. रोजचा शहरातला प्रवास आणि अधूनमधून घाट, असा वापर असेल तर मूळ मापाची, चांगल्या प्रतीची, मध्ये हवा खेळण्यासाठी पोकळी असलेली साधी डिस्क बहुतेकांना पुरते.

कार्बन-सिरॅमिक डिस्क हा वेगळाच प्रकार आहे. पोर्शेने २००१ मध्ये ‘९११ जीटी२’वर त्या दिल्या. लोखंडी डिस्कच्या तुलनेत त्यांचे वजन साधारण निम्मे असते, पण किमतही तशीच अफाट. ‘सिरॅमिक पॅड’ म्हणजे मात्र या डिस्क नव्हेत. ते साध्या लोखंडी डिस्कवरच बसतात.

पॅड कोणते घ्यावेत?

पॅडची निवड तापमानावरून करावी. ऑरगॅनिक पॅड मऊ आणि शांत असतात, पण जास्त तापल्यावर लवकर हात टेकतात. सिरॅमिक पॅडची काळी धूळ कमी उडते आणि ते शहरात उत्तम चालतात. सेमी-मेटॅलिक पॅड उष्णता अधिक सोसतात. घाटातून नियमित जाणाऱ्या वेगवान गाडीला रस्त्यासाठी बनवलेले चांगले सेमी-मेटॅलिक किंवा ‘फास्ट रोड’ गटातले पॅड सोयीचे ठरतात.

रेसिंग पॅड तापल्यावरच नीट पकडतात. थंडीत निफाडचा पारा एक आकडी होतो. अशा पहाटे घराबाहेर पडताच समोर कुणी आडवे आले, तर ट्रॅकवर सर्वोत्तम ठरणारा हाच पॅड साध्या पॅडपेक्षा कमी पकडतो. शिवाय तो डिस्कही लवकर खातो.

अनेक पॅडच्या कडेला दोन इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. पहिले अक्षर साधारण तापमानाला, दुसरे तापल्यावर पॅड किती घर्षण देतो ते सांगते. ‘ई’पेक्षा ‘एफ’ आणि ‘एफ’पेक्षा ‘जी’ची पकड जास्त. दुसरे अक्षर पहिल्यापेक्षा खालच्या दर्जाचे असेल, तर तापल्यावर पकड घटणार हे समजावे.

डिस्क बदलायची वेळ कशी ओळखायची?

डिस्कवर ‘मिनिमम थिकनेस’ म्हणजे किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. मायक्रोमीटरने मोजलेली जाडी त्याच्या खाली गेली असेल, तर डिस्क लेथवर घासून पुन्हा वापरणे धोक्याचे. स्टीअरिंग थरथरले की ‘डिस्क वाकली’ असे सर्रास म्हटले जाते. बऱ्याचदा पॅडचा थर डिस्कवर असमान चिकटल्याने किंवा चाकाच्या हबवर गंज राहिल्याने तसे होते. हब साफ न करता नवी डिस्क बसवली, तर थरथर पुन्हा सुरू होते.

फक्त रविवारी बाहेर निघणाऱ्या गाड्यांना नाशिक-इगतपुरी पट्ट्यातील पावसाळाही त्रास देतो. उभ्या गाडीच्या डिस्कवर गंज चढतो. वरवरचा गंज काही ब्रेकमध्ये निघून जातो, खोल खड्डे मात्र राहतात.

सुटे भाग मिळतील का?

गाडी कमी संख्येने विकली गेली असेल, तर हा खरा प्रश्न असतो. पुण्याजवळ रांजणगावात तयार झालेली, १४५ अश्वशक्तीची ‘अबार्थ पुन्टो’ २०१५ मध्ये आली. तिच्या चारही चाकांना डिस्क ब्रेक होते. ती आता बंद झाली आहे. ‘स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५’च्या २०२० मध्ये भारतासाठी अवघ्या २०० गाड्या आल्या. अशा वेळी ‘दुसऱ्या मॉडेलची डिस्क बसते’ हा सल्ला जपून घ्यावा. व्यास, जाडी, मधल्या भागाची उंची आणि बोल्टचे अंतर, हे सगळे जुळायला हवे. एकाच मॉडेलमध्येही ब्रेकची मापे वेगवेगळी असू शकतात. म्हणून चासी क्रमांकावरून पार्ट नंबर काढावा, बिल घ्यावे आणि बाजारभावापेक्षा फारच स्वस्त मिळणाऱ्या ‘ओरिजिनल’पासून दूर राहावे.

बसवताना काय सांगावे?

• डिस्क आणि पॅड एका अॅक्सलच्या दोन्ही चाकांना एकदमच बदलावेत. नव्या डिस्कवर जुने पॅड नकोत.
• मागे इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल, तर पिस्टन स्कॅनरने मागे घ्यावा लागतो, जोर लावून नव्हे.
• कॅलिपरच्या सरकत्या पिना साफ करून योग्य ग्रीस लावले का, ते पाहावे.
• मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर ताशी ६० किमीवरून २० पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम जोराने ब्रेक दाबावा, पण पूर्ण थांबू नये. मग काही किलोमीटर ब्रेक न लावता गाडी चालवून डिस्क थंड होऊ द्याव्यात. पॅडसोबतच्या सूचना वेगळ्या असतील, तर त्याच पाळाव्यात.

नवे ब्रेक बसवून त्याच दिवशी घाट उतरणे मात्र टाळावे. आणि उतरताना जुन्या चालकांचा एक नियम आजही लागू पडतो : ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरा. कितीही महागडी डिस्क बसवली, तरी खालच्या गिअरने वाचवलेली उष्णता तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. आणि त्यासाठी एक रुपयाही खर्च होत नाही.