ज्वरातील रक्ततपासणी आणि थायरॉइड

आजाऱ्यांना कम्युनियन देण्यासाठी आम्ही घरोघरी जातो, तेव्हा अलीकडे एक प्रश्न वारंवार कानी येतो. "फादर, न्यूमोनिया उतरला; पण इस्पितळात रक्त तपासले त्यात थायरॉइड निघाले. आता जन्मभर गोळी घ्यावी लागणार काय?" आम्ही वैद्य नव्हे, आणि वैद्याचे काम अंगावर घेण्याची आमची इच्छाही नाही. तथापि या बाबतीत वैद्यकशास्त्राचे म्हणणे इतके स्पष्ट आहे की ते आपल्या कुटुंबांना ठाऊक असावे.

थायरॉइड, म्हणजेच अवटु ग्रंथी, गळ्याच्या पुढच्या बाजूस श्वासनलिकेला बिलगून असते. तिचा आकार फुलपाखरासारखा. तिच्यातील मुख्य द्रव्य थायरॉक्सिन हे एडवर्ड केंडॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१४ साली, तेही नेमके नाताळच्या दिवशी, शुद्ध रूपात वेगळे केले. त्यात आयोडीनचे चार अणू असतात, म्हणून त्याला टी-४ म्हणतात. पुढे १९५२ साली लंडनमध्ये ग्रॉस व पिट-रिव्हर्स यांना तीन अणूंचे टी-३ सापडले. शरीराची चूल पेटती ठेवण्याचे खरे काम हे टी-३ करते. मात्र त्यातील सुमारे ८० टक्के ग्रंथीत तयार होतच नाही. यकृत, मूत्रपिंड इत्यादी अवयव टी-४ मधील एक अणू काढून ते बनवितात.

आता फुप्फुसात किंवा रक्तात जंतूंनी थैमान घातले की काय घडते ते पाहा. जंतूंशी झुंजणाऱ्या पेशी जी रसायने सोडतात, त्यांच्या प्रभावाने हे रूपांतर मंदावते. एका दिवसाच्या आतच रक्तातील टी-३ खाली येते आणि टी-४ पासून त्याऐवजी एक निष्क्रिय, उलट्या बांधणीचे द्रव्य अधिक बनू लागते. दुखणे फारच गंभीर झाले तर टी-४ सुद्धा घटते. एरवी ग्रंथीचा माल कमी पडताच मेंदूच्या तळाची पीयूषिका ग्रंथी टीएसएच नावाचा हुकूम वाढवून तिला कामाला लावते. या वेळी मात्र ती बहुधा गप्प राहते. पावसाने ओढ दिली की शेतकरी कणगीतले धान्य जपून काढतो, तसाच हा प्रकार असावा, असे कित्येक तज्ज्ञांना वाटते. इतरांना ही आजाराने केलेली हानी वाटते. तो वाद अद्याप मिटलेला नाही.

एवढे मात्र खरे की अशा रोग्याची ग्रंथी सहसा निरोगी असते. रोगी सुधारू लागला की टीएसएच काही काळ वर चढतो, कधी कधी २० पर्यंतही, आणि मग आपोआप उतरतो. नेमक्या त्या दिवसांतला कागद हाती पडला की घरात घबराट होते. म्हणून थायरॉइडच्या रोगाचा सबळ संशय नसल्यास भर आजारात ही तपासणी करू नये, आणि केलीच असेल तर बरे झाल्यावर सुमारे ६ आठवड्यांनी पुन्हा करावी, असा शास्त्राचा संकेत आहे. अशा रोग्यांना थायरॉक्सिन दिल्याने लाभ होतो असे सिद्ध झालेले नाही. डॉक्टरांना "फेरतपासणी केव्हा करावी?" असे नम्रपणे विचारण्यात काहीच गैर नाही.

ज्यांना थायरॉइडचा विकार आधीपासूनच आहे, त्यांची गोष्ट निराळी. ताप आला म्हणून चालू असलेली थायरॉक्सिनची गोळी मनाने बंद करू नये. ग्रंथी मंद असलेल्या आणि उपचार न झालेल्या वृद्ध स्त्रिया जंतुसंसर्गाने कधी कधी गुंगीत जातात; अंग गार पडते, ताप दिसतच नाही, आणि घरच्यांना वाटते, आजी झोपली आहे. उलट ग्रंथी अतिवेगाने चालत असेल तर संसर्गाने तिचे वादळ उठते: प्रखर ताप, छातीत धडधड, भ्रम. दोन्ही प्रसंग प्राणावर बेततात. तसेच अतिवेगासाठी कार्बिमाझोल घेणाऱ्यांना ताप येऊन घसा दुखू लागला तर ती गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे व रक्तातील पांढऱ्या पेशी मोजून घ्याव्यात, कारण क्वचित त्या औषधाने या पेशी नाहीशा होतात.

खुद्द ग्रंथीतच जंतू शिरून पू होणे विरळा. तिचे मजबूत वेष्टन, भरपूर रक्तपुरवठा व तिच्यातील आयोडीन यांमुळे ती सुरक्षित राहते. ३ फेब्रुवारीस, संत ब्लेझ यांच्या सणाला, आम्ही दोन मेणबत्त्या गळ्याशी धरून आशीर्वाद देतो. परंपरेनुसार हे संत स्वतः वैद्य होते, तेव्हा इस्पितळात जाण्याने त्यांचा रोष ओढवेल असे कोणी मानू नये! मुलाच्या गळ्यावर, विशेषतः डाव्या बाजूस, तापासह लाल, दुखरी सूज आली व गिळताना त्रास होऊ लागला तर लेप लावीत बसू नये. घशापासून ग्रंथीपर्यंत जन्मतःच राहिलेली बारीक नळी हे त्याचे कारण असू शकते, आणि तिचा बंदोबस्त होईपर्यंत तीच सूज पुनःपुन्हा येत राहते.