मांजर घरात फवारे का मारते?

कोल्हापूरच्या जुन्या पेठांत घराला घर लागून आहे. एका घराच्या कौलांवरून बोका सहज तिसऱ्याच्या गच्चीत उतरतो. त्यामुळे पाळलेल्या बोक्याला खिडकीतून परका बोका रोज दिसतो. मग पडद्यावर, दाराच्या चौकटीवर, सोफ्याच्या पाठीवर लघवीचे फवारे सुरू होतात. पावसाळ्यात दारे-खिडक्या बंद असल्या की तो उग्र वास घरात कोंडून राहतो. वैतागलेली मंडळी बोक्याला झोडपतात, नाहीतर त्याला लांब नेऊन सोडायच्या गोष्टी करू लागतात.

मांजर हे खोडी म्हणून किंवा राग काढण्यासाठी करत नाही. ही जागा आपली आहे, हे ते वासाने सांगत असते. मार खाल्ला की ते आणखी घाबरते आणि फवारे वाढतात.

आधी नीट पाहावे. शेपटी ताठ करून, ती थरथरवत, उभ्यानेच भिंतीवर थोडी लघवी उडवली, तर ती हद्दीची खूण. खाली बसून जमिनीवर किंवा अंथरुणावर लघवी केली, तर वाळूचा ट्रे घाण असेल किंवा मूत्रमार्गाचा आजार असेल. बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते. ती तुंबली तर तो वारंवार बसतो, कण्हतो, पण थेंबही येत नाही. रक्तातले पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकते आणि दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो. अशा वेळी सकाळची वाट न पाहता पशुवैद्यकाकडे न्यावे.

आजार नसेल, तर सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे नसबंदी. ती पाच-सहा महिन्यांच्या वयात केली, तर पुढे सुमारे १० टक्के बोके आणि ५ टक्के मांजरीच फवारे मारतात. मोठ्या बोक्यांतही बहुतेकांची सवय सुटते किंवा कमी होते. उरलेल्यांसाठी परका बोका दिसतो त्या खिडकीच्या खालच्या काचेला कागद चिकटवावा. जितकी मांजरे, त्याहून एक ट्रे जास्त ठेवावा, तोही जेवणाच्या ताटलीपासून दूर. एवढ्यानेही थांबले नाही, तर पशुवैद्यक औषध देऊ शकतात. माणसाच्या गोळ्या मनाने देऊ नयेत.

मांजराच्या लघवीत फेलिनिन नावाचे गंधकयुक्त अमिनो आम्ल असते. नसबंदी न झालेल्या बोक्यात त्याचे प्रमाण बरेच जास्त असते. ते हळूहळू विघटित होते, म्हणून वास नंतर वाढतो. नुसत्या पाण्याने तो जात नाही आणि वास राहिला की मांजर पुन्हा तिथेच येते. एन्झाइमयुक्त धुण्याच्या पावडरीच्या पाण्याने जागा धुवावी, साध्या पाण्याने पुसून वाळू द्यावी.

फिनेल वापरू नये. फिनॉल वर्गातील रसायने शरीराबाहेर टाकण्याची मांजराच्या यकृताची क्षमता फार कमी असते, त्यामुळे पंजे चाटताना विषबाधा होऊ शकते. ब्लिचिंग पावडरही नको. लघवीतल्या अमोनियाशी तिचा संयोग होऊन क्लोरामाइन वायू तयार होतो. त्याने डोळे चुरचुरतात, खोकला येतो. घरात दम्याचा रुग्ण असेल, तर बंद खोलीत त्याला धाप लागू शकते.