रिंग लहान होते तेव्हा

वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरापाशी आषाढीला किती गर्दी असते, हे मुंबईतल्या मुलांना वेगळं सांगायला नको. पंढरपूर गाठणं ज्यांना जमत नाही, ते वडाळा गाठतात. दर्शनाची रांग लांबच लांब, आणि वाटेत पिपाण्या, फुगे, बत्तासे. शिवाय रिंग फेकायचा खेळ! ठाऊक आहे ना? चादरीवर साबण, कंगवे, पावडरचे डबे मांडलेले असतात. दोरीच्या अलीकडून रिंग फेकायची. वस्तू अख्खी रिंगच्या आत आली, की ती आपली.

गेल्या आषाढीला माझ्या दहा वर्षांच्या भाचीने पाच रिंगा फेकल्या. पाचही फुकट गेल्या. त्यातली चौथी तर थेट साबणावरच पडली होती, पण एका बाजूने वर अडकून तिरकी राहिली.

"मावशी, रिंग साबणापेक्षा मोठी आहे ना? मग बसली का नाही?"

मला उत्तर सुचलं नाही. "नशीब गं," म्हणून मी मोकळी झाले. पण ही मुलगी नशिबावर भागवणारी नाही. तिला उत्तर मिळालं ते दोन महिन्यांनी, तेही बास्केटबॉलच्या मैदानावर.

झालं असं, की ती बास्केटबॉल शिकायला लागली. पहिल्या दिवशी तिने चेंडू फेकला तो झाडावरची कैरी पाडावी तसा: नेम धरून, सरळ, जोरात. चेंडू रिंगच्या कडेवर आपटून परत तिच्याच अंगावर आला. दुसरा तसाच. तिसराही तसाच. सर लांबूनच ओरडले, "अगं, रिंगला मारू नकोस! वर फेक, वरून पडू दे!"

वरून पडू दे? रिंग तीच, चेंडू तोच. मग वरून आला काय आणि समोरून आला काय, फरक काय पडतो?

थांबा, आधी एक कोडं. रिंगमध्ये दोन चेंडू शेजारी शेजारी मावतील का? बघून तर वाटतं, छे! एकच कसाबसा जातो. आता मापं बघा. रिंगची रुंदी आतून 45 सेंटिमीटर. मुली ज्या चेंडूने खेळतात, त्या 6 नंबरच्या चेंडूची जाडी साधारण 23 सेंटिमीटर. दोन चेंडू म्हणजे 46. अवघ्या एका सेंटिमीटरने हुकलं! म्हणजे रिंग चेंडूच्या जवळपास दुप्पट रुंद आहे. एवढं मोठं दार उघडं असताना चेंडू बाहेर कसा राहतो?

याचं उत्तर तुमच्या स्वयंपाकघरात आहे. एक ताट घ्या आणि वरून बघा. पुरीसारखं गोल दिसतं. आता ते हळूहळू तिरकं करत जा. गोल दबत जातो, लंबगोल होतो, आणि ताट डोळ्यांच्या रेषेत आलं की नुसती एक पट्टी उरते. ताट आक्रसलं का? नाही. तुम्ही बघायची दिशा बदलली.

आता तुम्हीच चेंडू आहात असं समजा. वरून सरळ खाली पडताय? मग खाली 45 सेंटिमीटरचं गोल दार आहे. तिरके येताय, जमिनीशी 60 अंशांचा कोन करून? दार 39 सेंटिमीटर उरलं. 45 अंशांनी? साधारण 32. आणि 30 अंशांनी? साडेबावीस! तुमची जाडी मात्र 23. अर्ध्या सेंटिमीटरने अडलं की हो! आता कितीही नेमका नेम धरा, कडेला न लागता आत जाणं शक्यच नाही. भाचीचा कैरीछाप चेंडू याच्याहूनही सपाट जात होता. तिचा नेम चुकत नव्हता, तिच्या चेंडूपुरतं दारच बंद होतं.

मग चेंडू आभाळातच भिरकावावा की! तेही चालत नाही. जितकं उंच फेकाल तितका जोर जास्त लागतो, आणि जोरात जरा कमीजास्त झालं की चेंडू भलतीकडेच. म्हणून चांगले खेळाडू मधला मार्ग धरतात. फ्री थ्रो म्हणजे कुणीही न अडवता, रिंगमागच्या बोर्डापासून 4.6 मीटरवरच्या रेषेमागून घ्यायचा नेम. तिथून चेंडू हातातून सुटताना पन्नास अंशांच्या आसपास वर जातो आणि सुमारे एक सेकंदभर हवेत राहून रिंगमध्ये उतरतो. त्या फ्री थ्रोला एक गुण मिळतो.

एकच गुण? त्याने काय होतं? 29 जुलै 2017 ची गोष्ट ऐका.

त्या दिवशी बंगळुरूमध्ये महिलांच्या आशिया कप बास्केटबॉल स्पर्धेचे दोन अंतिम सामने झाले. देशांचे संघ वरचा अ आणि खालचा ब अशा दोन गटांत खेळत होते. अ गटाच्या अंतिम सामन्यात जपानने ऑस्ट्रेलियाला हरवलं. गुण होते 74 आणि 73. फरक एका फ्री थ्रोचा! ब गटात आपला भारत आणि कझाकस्तान समोरासमोर होते. तिथे गुण झाले 75 आणि 73. जिंकलं कोण? भारत! चाळीस मिनिटांची धावपळ, शंभराच्या वर गुण, आणि निकाल लागला तो एक-दोन गुणांनी. एखादा चेंडू कडेला किंचित कमी घासला असता, तर कप दुसऱ्याच हातात गेला असता.

भारताच्या त्या संघात पुण्याची शिरीन लिमये होती. पुढे ती भारताची कर्णधारही झाली. ब गट जिंकल्यामुळे भारताला वरच्या गटाचं दार उघडलं आणि 2019 मध्ये, पुन्हा बंगळुरूतच, आपल्या मुली आशियातल्या तगड्या संघांशी खेळल्या. तो कपही जपानने नेला.

आता या जपानी खेळाडू ताडमाड असतील असं तुम्हाला वाटेल. पण बास्केटबॉलच्या मानाने हा संघ बुटकाच म्हणायचा! रुई माचिदा ही त्यांची खेळाडू फक्त 162 सेंटिमीटर उंच. तुमच्या वर्गशिक्षिका कदाचित तिच्याहून उंच असतील. आणि रिंग 305 सेंटिमीटरवर. म्हणजे माचिदाच्या डोक्यावर पाचवी-सहावीतली एखादी मुलगी उभी केली, तर कुठे त्या मुलीचं डोकं रिंगला टेकेल. तरीही 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात फ्रान्सविरुद्ध या माचिदाने दिलेल्या पासांवर मैत्रिणींनी 18 वेळा बास्केट केलं, आणि जपानने रौप्यपदक पटकावलं. उंची नसेल तर वेग हवा, पास हवेत आणि लांबून बसणारा नेम हवा. हात जितका खालून सुटतो, तितकी चेंडूची कमान जास्त उभी ठेवावी लागते, नाहीतर रिंगचं दार पुन्हा अरुंद!

पण रिंग 305 सेंटिमीटरवरच का, 300 वर का नाही? कारण मजेदार आहे. डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्डमध्ये जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकांनी हा खेळ शोधला. रिंग नव्हतीच, म्हणून त्यांनी पीच नावाच्या फळाच्या टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाला ठोकल्या. तो सज्जा नेमका दहा फुटांवर होता. दहा फूट म्हणजेच 305 सेंटिमीटर. टोपल्या गेल्या, लोखंडी रिंग आली, उंची मात्र तिथेच राहिली. पुरुषांना तीच आणि महिलांनाही तीच. महिलांचा चेंडू मात्र पुरुषांच्या चेंडूपेक्षा साधारण एका सेंटिमीटरने लहान असतो.

मैदानावर अजून एक गंमत बघा. चांगल्या खेळाडूने फेकलेला चेंडू पुढे जातो, पण स्वतःभोवती उलटा फिरतो. शेवटी बोटांची टोकं त्याच्या मागच्या बाजूला खाली घासत सुटतात ना, म्हणून. असा चेंडू बोर्डावर आपटला की घर्षण त्याला खाली ओढतं आणि कडेवर पडला की त्याचा पुढे पळायचा वेग कमी करतं. सुसाट आलेल्या चेंडूला जणू कुणी कानाला धरून, "चल, आत!" म्हणतं.

हे सगळं ऐकल्यावर भाची गप्प झाली. ती गप्प झाली की मला भीतीच वाटते. मग एकदम म्हणाली, "मावशी! माझी रिंग साबणावर तिरकी पडली होती ना? मग साबणापुरती ती लहानच झाली होती!"

बरोबर! मैदानावर रिंग जागच्या जागी आणि चेंडू तिरका, जत्रेत साबण जागच्या जागी आणि रिंग तिरकी. गणित दोन्हीकडे तेच. आता पुढच्या आषाढीला रिंग चकतीसारखी आडवी, डगमगू न देता सोडायची, असा तिचा बेत आहे. घरात सराव चालू आहे. दोन कप फुटलेत.

तुम्ही कप फोडू नका. एक प्लॅस्टिकची बांगडी घ्या (काचेची नको!) आणि तिच्या निम्म्याहून जरा जाड असं लिंबू शोधा. बांगडी आडवी धरा आणि वरून लिंबू सोडा. आरपार गेलं? आता बांगडी थोडी तिरकी करा, पुन्हा सोडा. आणखी तिरकी करा, पुन्हा सोडा. एका क्षणी लिंबू अडेल. बांगडी तेवढीच, लिंबूही तेवढंच. कंपासमधला कोनमापक आणून तो कोन मोजा आणि वहीत लिहून ठेवा.

आणि लिंबू धुऊन परत जागेवर ठेवा बरं का. वरणभातावर पिळायचं असतं ते.